अक्का, समुद्र आणि दाजींचा कासरा

मालवणहून परत आल्यापासून पाटोद्याच्या बाजारात जो भेटतो तो एकच विचारतो, "मासे दिसले का वं?" दिसले. डॉल्फिन दिसले, पाण्याखालची पोवळी दिसली, पोवळ्यांमधून फिरणारे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासेही दिसले. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पुन्हा कोथिंबिरीच्या भावाकडे वळतो. पण त्या दिवसाचं मला जे खरं सांगायचंय ते असं उभ्याउभ्या सांगता येत नाही. त्यासाठी आधी आमच्या विहिरीपासून सुरुवात करावी लागते, आणि विहिरीची गोष्ट ऐकून घ्यायला बाजारात कुणाला वेळ असतो? म्हणून निवांत बसून लिहितोय.

मी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला माणूस. उभी हयात गाईम्हशींना सुया टोचण्यात गेली, त्यामुळे फिरायची हौस उशिरा लागली. या वेळी माझ्याबरोबर दोघं होते. एक माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि दुसरे तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, म्हणून गाडीतली तिची जागा अक्काच्या पिशव्यांनी घेतली.

आमची विहीर

आमची वस्ती पाटोद्याच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. वस्तीच्या कडेला दगडी बांधणीची विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवारातली सगळी पोरं दिवसभर तिथंच. नवशिक्याच्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला बैलाचा कासरा बांधायचा, आणि कासऱ्याचं दुसरं टोक काठावर बसलेल्या थोरल्या माणसाच्या हातात द्यायचं. माझा कासरा अक्काच्या हातात असायचा. नाकातोंडात पाणी जाऊन मी बोंबलायला लागलो की ती वरून शांतपणे म्हणायची, "वरडू नगं. वरडायला श्वास हाय, म्हंजे बुडला न्हाईस."

या विहिरीचा एक कायदा होता. पाण्यात पडलं की मध्ये थांबायचं नाही, कारण वरून कोण कधी उडी टाकील याचा नेम नसे. काठाच्या दगडांना धरून, कडेकडेनं, एकाच दिशेनं गोल फिरत राहायचं. मधली जागा उडी मारणाऱ्यांची. हा कायदा आमच्या हातापायांत इतका मुरला होता की पोहणं म्हणजे गोल फिरणं, अशीच आमची समजूत होती.

अक्का पोरींमधली एकटी अशी, की जिथं मोट ओतायचे त्या वरच्या दगडावरून थेट उडी टाकायची. ती वर आली की तिच्या मुठीत तळाचा गाळ असायचा. आम्हा बारक्यांना त्या काळ्या गाळाचं केवढं अप्रूप होतं. आजही काळी ओली माती हातात घेतली की मला तिची ती मूठ आठवते.

मग तिचं लग्न झालं आणि ती लिंबागणेशच्या शिवारात नांदायला गेली. दाजींचं घर मोठं, जमीन मोठी, आणि मळ्यात पायऱ्यांची स्वतःची विहीर. मी मुराळी म्हणून तिला आणायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पाणी शेंदताना अक्काच्या सासूबाईंची तांब्याची घागर सुटून विहिरीत गेली. गडीमाणसं शेतात लांब होती. सासूबाई काठावर उभ्या राहून दाजींना म्हणाल्या, "बघ रं बाबा, घागर गेली." दाजी काही बोलायच्या आत नव्या नवरीनं पदर खोचला आणि उडी टाकली. घागर घेऊन ती पायऱ्यांनी वर आली तेव्हा आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं गोळा झाली होती. सासूबाईंनी घागर घेतली, आत गेल्या, आणि संध्याकाळी चुलीपाशी एवढंच म्हणाल्या, "पुन्यांदा उतरायचं न्हाई." दाजी तिथंच बसले होते. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

त्यानंतर अक्का कधीच पाण्यात उतरली नाही. मला दाजींचा राग आला होता, आणि तो राग मी पुढं कित्येक वर्षं सांभाळून ठेवला. माहेरी आली की ती म्हणायची, "एकदा तरी पवायचंय रं आपल्या हिरीत." कधी पाणी तळाला गेलेलं असायचं, कधी पोरं लहान, कधी घरात पाहुणे, आणि मग गुडघेच दुखायला लागले. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि विहीर मुरमाखाली गेली. भाऊबीजेला अक्का आली तेव्हा मी तिला ती जागा दाखवली. वरून मालमोटारी धडधडत जात होत्या. ती म्हणाली, "आता कुठं पवू मी?" तिला यापुढं कधीच पोहायला मिळणार नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर मला सरळ दिसलं. मी म्हणालो, "अक्का, तुला समुद्रात पोहवतो." बोलून गेलो, आणि मग माघार घेता येईना.

लिंबागणेश

संक्रांत झाल्यावर निघायचं ठरलं. अक्काला आणायला गेलो तर दाजी टोपी घालून ओट्यावर तयार. म्हणाले, "मी बी येतो. बायामाणसाला पाण्यात सोडता व्हय एकटं?" मी मनात म्हणालो, झालं, आता हे काठावर उभे राहून नको नको म्हणणार.

त्यांनी गाडीच्या डिकीत नव्या कासऱ्याचं वेटोळं ठेवलं. मी विचारलं, "दाजी, हे कशाला?"

"गाडी रुतली तर वडायला."

"डांबरी रस्ता आहे सगळा."

"असू द्या की, पाव्हणं. खायला मागतोय का तो?"

गणपतीचं दर्शन घेऊन निघालो. अक्कानं देवळातून आणलेला फुटका नारळ कपड्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. सोबत बाजरीच्या भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या आणि हुरड्याची पिशवी. कोल्हापूरला मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरताना अक्का खिडकीला चिकटून बसली. आमच्याकडे एवढी हिरवळ बघायची तर श्रावणात कपिलधारला जावं लागतं, धबधब्याखाली तोंड ओलं करून घ्यावं लागतं. इथं जानेवारीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती उगीचच पसरलेली. दाजी मात्र रस्त्याकडेची लाल माती बघून हळहळत होते. "ह्या मातीत जवारी यायची न्हाई," एवढं म्हणून त्यांनी कोकण निकालात काढलं.

देवबाग

उतरलो होतो ते घर माडांच्या बागेत होतं, पुढं समुद्र आणि मागं खाडी. घरमालकीण बाई गप्पिष्ट होत्या. रात्री जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे आणि सोलकढी. दाजी माळकरी, म्हणून त्यांना मासे वर्ज्य. अक्का पहिल्या घासाला थांबली आणि तिनं विचारलं, "ह्यात काय घातलंय?"

"नारळ," बाई म्हणाल्या.

"आन ह्या दुसऱ्यात?"

"त्यातपण नारळच."

"आज काय हाय तुमच्याकडं?" अक्कानं विचारलं. तिला वाटलं काही सणवार, पूजा आहे. रोजच्या जेवणात नारळ घालतात हे तिला पटेना. आमच्याकडे नारळ देवापुढं फुटतो, आणि त्याचा नखाएवढा तुकडा पंचवीस हातांतून फिरत आपल्यापर्यंत येतो. तिनं पर्समधला तो गणपतीचा फुटका नारळ काढला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत ठेवून दिला. बदल्यात बाईंना हुरडा दिला. बाईंनी तो चिमूटभर तोंडात टाकला, आणि पुन्हा चिमूटभर, आणि गप्पा मारता मारता अर्धी पिशवी संपली. अक्काला बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर होडीवाला भेटायला आला. बाबी त्याचं नाव, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. "तुमी खयसून इलात?" त्यानं विचारलं. बीडहून म्हटल्यावर त्यानं मान हलवली, म्हणजे नाव ऐकलेलं होतं, जागा नव्हती माहीत. दाजींनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि समुद्राची हद्द कशी ठरते ते विचारलं. बांध नाही, खुणेचा दगड नाही, मग हे पाणी तुझं आणि ते त्याचं हे भांडण मिटतं कसं? बाबी म्हणाला, "भांडणा होतत, काका. मिटतत पण." दाजींचं एवढ्यानं भागलं नाही, पण समुद्रातही भांडणं आहेत हे ऐकून त्यांना जरा घरच्यासारखं वाटलं असावं.

खाडीचं तोंड

सकाळी होडी निघाली तेव्हा गारवा होता. आम्ही तिघं, बाबी, आणि पाण्यात उतरवायला त्याचा जोडीदार दिगू. सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिली. अक्कानं लुगड्याचा काष्टा घातला होता आणि त्यावर जॅकेट. तिला बघून शेजारच्या होडीतल्या मुलींनी हात हलवले, तिनंही हलवला. दाजींनी जॅकेटाचे सगळे पट्टे दोनदा ओढून बघितले आणि मधल्या फळीवर बसले. कासऱ्याचं वेटोळं त्यांच्या मांडीवर. ते बघून माझा जुना राग पुन्हा वर आला.

खाडी जिथं समुद्राला मिळते तिथून पुढं गेलं की होडी वरखाली व्हायला लागते. बाबीनं इंजिन मंद केलं आणि बोट दाखवलं, "थंय बघा." आधी काही दिसेना. मग पाण्यातून एक काळी पाठ वर आली, वाकली आणि गेली. मग दुसरी. मग एक लहानगं, आईला चिकटून. श्वास सोडताना फुस्स असा आवाज येतो, तो इंजिन बंद केल्यावर स्वच्छ ऐकू आला. अक्का उभी राहायला लागली, दिगूनं तिला बसवलं.

"अगं बाई, ही तर पोरं हायेत," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आपल्या हिरीत असंच चालायचं की, आप्पा. एक वर, एक खाली."

मला एकदम आमच्या वेळची सगळी पोरं आठवली. त्यातली काही आता नाहीत, काही पुण्याच्या कंपन्यांत गेली, एक जण अजून वस्तीवर आहे पण त्याला ऐकू येत नाही. मी दाजींकडे वळून म्हणालो, "दाजी, बघितले का?"

"पाह्यले की," ते म्हणाले. पण त्यांची नजर पायाखालच्या फळीवर होती, आणि दोन्ही हात होडीच्या कडेला. मला वाटलं हा माणूस हट्टानं बघत नाहीये, बायकोला आनंद झालेला याला बघवत नाही. माणसाबद्दल एकदा मनात धरलं की असंच होतं. जे दिसेल ते त्याच्या विरुद्धच दिसतं.

किल्ल्यामागचं पाणी

मालवणच्या किल्ल्यामागं खडकांच्या आडोशाला होडी नांगरली. आजूबाजूला आणखी पाच-सहा होड्या. इथं पाणी तसं शांत आणि इतकं नितळ की खालचे खडक होडीतून दिसत होते. दिगूनं मला डोळ्यांवर चष्मा आणि तोंडात नळी दिली, हवेच्या ट्यूबला धरून पालथं पडायला सांगितलं. मी आधी घाबरलो, मग नळीतून श्वास येतोय हे पटल्यावर खाली बघितलं.

पोवळी मी पुस्तकात बघितली होती तशी लालभडक नव्हती. तपकिरी, पिवळसर, कुठं जांभळट, गोबीच्या गड्ड्यांसारखी. पण त्यांच्यामधून मासे फिरत होते, आणि ते बघून पोळ्याला रंगवलेल्या बैलांची मिरवणूक आठवली. एक निळा मासा खडक कुरतडत होता. मी श्वास घेतो तो आवाज तेवढा कानात. वर आलो तेव्हा अक्का कडेला बसून वाट बघत होती.

तिनं कुंकवाची डबी काढली, हळदी-कुंकवाची चिमूट पाण्यावर सोडली. आमच्याकडे विहिरीत आसरा असतात, सात बहिणी, त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. मग पर्समधला गणपतीचा तो फुटका नारळ सोडला. बाबी म्हणाला, "बरा केलात. समुद्र नारळ घेता." त्यानंतर अक्कानं जुन्या सवयीनं ओंजळ भरली आणि पाणी पिऊन टाकलं. विहिरीत उतरण्याआधी आम्ही तसंच करायचो. तिचं तोंड असं झालं की दिगू हसता हसता होडीला धरून राहिला. ती स्वतःही हसली.

मग दाजी उठले. वाकत वाकत, एका हातानं फळी धरत ते तिच्यापाशी आले आणि कासऱ्याचं टोक तिच्या कमरेला बांधायला लागले.

"दोरी कित्याक, काका?" दिगू म्हणाला. "जॅकेट आसा. मी आसंय."

"आसू दे तू," दाजी म्हणाले.

मला राहवलं नाही. "दाजी, ती गाय आहे का बांधून पोहवायला?" माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या होडीतली माणसं बघायला लागली. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "बांधू दे रं." दाजींनी गाठ मारली, बैलाची, ओढली की घट्ट होत जाणारी, आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं.

अक्का शिडीनं उतरली. पाणी छातीला लागलं तशी तिनं एकदा डोळे मिटले. मग हात सोडले. इतकी वर्षं झाली, गुडघे गेले, केस गेले, पण हात तेच होते. पाणी न उडवता, कोपर वर उचलून, शांत हात. मी होडीत उभा राहून लहान मुलासारखा बघत होतो. चारी बाजूंना एवढा समुद्र पडला होता, आणि अक्का होडीच्या कडेकडेनं, एकाच दिशेनं, गोल फिरायला लागली.

"गोल गोल कित्याक फिरतत त्या?" बाबीनं मला विचारलं. मी फक्त म्हणालो, "आमच्याकडे असंच पोहतात."

ती होडीला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली आणि कासरा नांगराच्या दोरीत अडकला. तिला कमरेत हिसका बसला. जॅकेटामुळं ती बुडाली नाही, पण एक लाट तोंडावरून गेली आणि ती खोकायला लागली.

"कौसे," दाजी ओरडले.

अक्काचं नाव दाजींच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घरात ते तिला "ऐकलं का" म्हणतात. त्यांनी कासरा दोन्ही हातांनी ओढला, त्यामुळे गाठ आणखी आवळली. दिगू तिच्यापाशी पोचला, त्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण त्या ओल्या बैलगाठीला हात लावून त्यानं मान हलवली. "काका, तुमी सोडा," तो म्हणाला. "तुमचा टोक सोडलात की नांगरातसून काढतंय."

"न्हाई सोडायचा," दाजी म्हणाले. तेव्हा कुठं मला त्यांचा चेहरा नीट दिसला, आणि त्यावर हुकूम वगैरे काही नव्हता. तो घाबरलेला म्हातारा होता.

अक्काचा खोकला थांबला होता. पाण्यातूनच ती म्हणाली, "सोडा वं."

"सोडला आन तू गेलीस तर? मला येता येत न्हाई तिथं." मग ते खाली फळीकडे बघत म्हणाले, "मला पवता येत न्हाई, कौसे."

तीन विहिरींचा मालक, पंचायत समितीचा माजी सदस्य, शिवारात ज्याच्या शब्दाला वजन, तो माणूस हे म्हणाला. घागर पडली त्या दिवशी ते काठावर का उभे राहिले, ते मला त्या क्षणी कळलं.

"मला ठाव हाय," अक्का म्हणाली.

"कवापास्नं?"

"घागर पडली तवापास्नं. तुमी पाण्याकडं कसं पाह्यलं ते म्या पाह्यलं व्हतं. म्हनून तर म्या उडी टाकली, तुमाला कुनी उतरा म्हनायच्या आत."

"आन मग परत कावून उतरली न्हाईस? आय गेली त्यालाबी लई वर्सं झाली."

अक्का पाण्यात हात हलवत होती, तरंगत. "म्या हिरीत पवले असते तर कुनीतरी तुमालाबी म्हनलंच असतं, बायको पवती, तुमी बी या की. मग काय सांगितलं असतं तुमी?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. बाबी उगीच इंजिनाकडं बघत होता. मग दाजींनी मनगटावरचा वेढा एकेक करून उलगडला आणि कासरा सोडून दिला. दिगूनं तो नांगराच्या दोरीतून ओढून काढला, गुंडाळून अक्काच्या हाती दिला, पण तिनं तो तसाच पाण्यात सोडला.

"सरळ जावा, काकी," बाबी होडीतून म्हणाला. "समुद्र मोकळो आसा."

आणि अक्का सरळ गेली. दिगू तिच्या बाजूनं, आणि मागं पाण्यावर तरंगत जाणारं कासऱ्याचं शेपूट. लांब खडकापर्यंत गेली, तिथं दिगूनं तिला चष्मा लावून दिला. आधी ती पालथी पडायला तयार नव्हती, कारण आमच्याकडे पाण्यावर पालथं कोण तरंगतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग तिनं तोंड पाण्यात घातलं, आणि पुष्कळ वेळ ती वर आली नाही. दाजी उभे राहून बघत होते. फळी सोडून, दोन्ही हात मोकळे, पहिल्यांदाच.

परत आल्यावर तिला टॉवेल दिला, भाकरी-चटणी दिली. भूक लागली होती, ती भराभर खात होती. मी विचारलं, "काय दिसलं?"

"तळ दिसला रं," ती म्हणाली. "आपल्या हिरीचा कधीच दिसला न्हाई. नुसता हाताला लागायचा."

होडी वाळूला लागताना दाजी बाबीला म्हणाले, "हे जाकीट इकत मिळतं का कुठं?" बाबीला वाटलं काका आठवण म्हणून न्यायचं म्हणतायत. त्यानं मालवणच्या बाजारातलं दुकान सांगितलं. दाजींनी तिथं जाऊन सगळ्यात मोठं निवडलं, तीनदा पट्टे ओढून बघितले, आणि परतीच्या पूर्ण वाटेवर ते मांडीवर घेऊन बसले.

पुन्हा लिंबागणेश

शिमग्याच्या आधी दाजींचा निरोप आला, मळ्यात या. यंदा पाऊस बरा झाला होता, विहिरीला अजून भरपूर पाणी होतं. गेलो तर अक्का पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर खुर्ची टाकून बसलेली. खाली पाण्यात दाजी, अंगात नारिंगी जॅकेट, आणि एवढ्यानं भरवसा वाटेना म्हणून पाठीला गोडेतेलाचा डबाही बांधलेला. कमरेला तोच कासरा. गडीमाणसं आणि नातवंडं काठावर रांगेनं उभी, आणि त्यांच्यासमोर दाजी काठाच्या दगडांना धरून कडेकडेनं फिरत होते.

मला बघून त्यांनी एक हात वर केला, तो करताना तोल गेला, नाकात पाणी गेलं, आणि त्यांनी ठणाणा बोंब ठोकली. नातवंडं हसायला लागली. अक्कानं कासरा जरासा ओढून धरला आणि वरून म्हणाली, "वरडू नका. वरडायला श्वास हाय, म्हंजे बुडला न्हाईत."